गर्दीच्या तासातील सेवा आणि ठरावीक मासिक दर: मेळ कसा घालावा?

जालनियोजक

नमस्कार. एका मध्यम आकाराच्या दूरसंचार नेटवर्कच्या क्षमतेचे नियोजन करणे हे माझे काम आहे. दर ठरवणारा विभाग आमच्याकडे वेगळा आहे, आणि दर ठरून जाहीर झाल्यावरच त्याची व आमची गाठ पडते. आमची मुख्य योजना साधी आहे: महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि हवा तेवढा डेटा वापरायचा, फरक असतो तो फक्त कमाल वेगाच्या टप्प्यांचा. गेल्या काही काळात ग्राहक वाढले, प्रत्येक ग्राहकाचा वापरही वाढला, पण स्पर्धेमुळे दर वाढवता आले नाहीत. त्यामुळे रात्रीच्या दोन-तीन तासांत सेवा खालावते आणि उरलेल्या दिवसभर तीच यंत्रणा बरीचशी रिकामी असते.

आता व्यवस्थापनाचा प्रस्ताव असा आहे, की जास्त दर देणाऱ्या ग्राहकांसाठी ‘प्राधान्य योजना’ सुरू करावी, त्यांची पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) राउटरच्या रांगेत पुढे घ्यावीत, आणि येणाऱ्या उत्पन्नातून पुढे सवडीने क्षमता वाढवावी. हा प्रस्ताव कागदावर आकर्षक दिसतो, परंतु मला त्यात एक धोका वाटतो. गर्दीच्या वेळी काहींना पुढे घेतले, तर उरलेल्यांची सेवा आणखी खालावेल, आणि मग प्राधान्य योजनेची विक्री साधारण सेवेच्या दुरवस्थेवरच अवलंबून राहील. अशा स्थितीत साधारण सेवा सुधारण्याची इच्छाच संस्थेत उरणार नाही, ही माझी खरी चिंता आहे.

आणखी एक गोष्ट मला कोड्यात टाकते. आमच्या आलेखांत पाच-पाच मिनिटांच्या सरासरीने पाहिले, तर ज्या लिंकबद्दल तक्रारी येतात ती पूर्ण भरलेली कधीच दिसत नाही. तरीही त्याच वेळी कॉलमधला आवाज तुटतो. गुणवत्ता नेमकी कुठे मोजावी आणि दर कशावर आकारावा, म्हणजे डेटाच्या प्रमाणावर, वेगावर, वेळेवर की प्राधान्यावर, याबद्दल जाणकारांचे विचार वाचायला आवडतील.

रांगशास्त्र

आपल्या प्रश्नातील मुख्य अडचण अशी आहे, की खर्च ठरतो गर्दीच्या तासावर आणि पैसे गोळा होतात महिनाभराच्या हिशेबाने. लिंक, राउटर, टॉवर यांची क्षमता सर्वाधिक मागणीच्या वेळेसाठी उभारावी लागते. पहाटे तीन वाजता एखाद्याने कितीही डेटा उतरवला, तरी त्याने तुमच्या खर्चात जवळजवळ काहीच भर पडत नाही; रात्री नऊ वाजता उतरवलेला तेवढाच डेटा मात्र तुम्हाला नवी लिंक घ्यायला लावू शकतो. म्हणून डेटाच्या एकूण प्रमाणावर आकारलेला दर खर्चाचे खरे चित्र दाखवत नाही.

ही जाणीव जुनी आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली जे सूत्र मांडले, त्यातून ठरावीक मागणीला ठरावीक जोडण्या असल्या तर किती कॉल नाकारले जातील, हे काढता येते. त्या सूत्रातील एक परिणाम आपल्या प्रस्तावाशी थेट संबंधित आहे. शंभरात एकच कॉल नाकारला जावा, अशी अट घातली, तर १० वाहिन्यांचा गट सुमारे ४.५ एर्लांग (एका वेळी सरासरी किती कॉल चालू असतात, त्याचे हे माप) वाहतूक पेलतो, म्हणजे सरासरीने निम्म्याहून कमी वाहिन्या कामात असतात. हीच अट ठेवून १०० वाहिन्यांचा एकच गट केला, तर तो सुमारे ८४ एर्लांग पेलतो. म्हणजे दहा-दहाचे दहा स्वतंत्र गट करण्यापेक्षा सगळ्यांची एकच मोठी रास केल्याने त्याच यंत्रणेतून जवळजवळ दुप्पट काम निघते. नेटवर्क स्वस्त पडते ते या सामायिकपणामुळे. म्हणून महागड्या ग्राहकांसाठी क्षमतेचा एक भाग कायमचा बाजूला काढून ठेवणे, हा सर्वांत खर्चिक मार्ग आहे. त्याने दोन्ही बाजूंचे नुकसान होते.

मोठ्या राशीला एक नाजूक बाजूही आहे, आणि दर ठरवणाऱ्यांनी ती समजून घ्यावी असे मला कळकळीने वाटते. वरच्या उदाहरणात मागणी अचानक एकदशांशाने वाढली, तर १० वाहिन्यांच्या गटात नाकारलेल्या कॉलचे प्रमाण दुपटीपर्यंतही जात नाही, परंतु १०० वाहिन्यांच्या गटात ते तिपटीहून अधिक होते. पुरेपूर वापरलेली मोठी यंत्रणा सामान्य दिवशी उत्तम चालते आणि थोड्याशा जादा भाराने पटकन कोसळते. ‘आत्तापर्यंत कधी त्रास झाला नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फार फसवा असतो, कारण त्रासाची सुरुवात हळूहळू होत नाही.

आता आपल्या कोड्याकडे वळतो. रांगेच्या सर्वांत साध्या गणितात लिंक ५० टक्के भरलेली असताना पॅकेटला रांगेसह लागणारा सरासरी वेळ रिकाम्या लिंकच्या दुप्पट होतो, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. ऐकायला हे भीषण वाटते, पण १,५०० बाइटचे पॅकेट एक गिगाबिटच्या लिंकवर १२ मायक्रोसेकंदांत निघून जाते. त्याची दहापट म्हणजे अवघे १२० मायक्रोसेकंद, जे कोणत्याही कानाला कळणार नाही. म्हणजे तक्रारींचे कारण या सरासरी रांगेत नाही. खरी वाहतूक या साध्या गणितासारखी सुटी-सुटी येत नाही, झुंडीने येते. पाच मिनिटांपैकी वीस सेकंद लिंक ओसंडून वाहत असेल आणि उरलेला वेळ निवांत असेल, तर पाच मिनिटांची सरासरी निर्दोष दिसते आणि त्या वीस सेकंदांत बोलणाऱ्याचा आवाज मात्र तुटतो.

दुसरा संशय बफरवर, म्हणजे पॅकेट्स तात्पुरती साठवून ठेवणाऱ्या जागेवर, घ्यावा. ग्राहकाच्या घरातील उपकरणाकडून बाहेर जाणारी लिंक १० मेगाबिटची असेल आणि त्या उपकरणात एक मेगाबाइटचा बफर असेल, तर तो भरल्यावर प्रत्येक पॅकेट सुमारे ०.८ सेकंद रांगेत उभे राहते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि नेटवर्कची आखणी करताना ४०० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडू नये. म्हणजे एखाद्याने मोठी फाइल वर चढवायला घेतली, की त्याच घरातला कॉल निकामी होतो, आणि त्याचा तुमच्या मुख्य लिंकशी काहीही संबंध नसतो. असा ग्राहक महागडी योजना घेईल आणि तरीही असमाधानी राहील. रांगेतील विलंबावर लक्ष ठेवून वेळीच पॅकेट टाकून देणाऱ्या पद्धती, उदाहरणार्थ कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली कोडेल, यांनी हा दोष फार थोड्या खर्चात दूर होतो. दराची चर्चा सुरू करण्याआधी हे करून घ्यावे, असा माझा आग्रह राहील. जो दोष सॉफ्टवेअर बदलून जातो, त्यासाठी ग्राहकाकडून जादा दर घेणे मला योग्य वाटत नाही.

दर_आणि_मागणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यातून ‘मग गर्दीच्या वेळी जास्त दर लावा’ असा सरळ निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून लिहीत आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तोच निष्कर्ष आहे, आणि विजेच्या बाबतीत मार्सेल ब्वातो यांनी १९४९ सालीच त्याची मांडणी केली होती. इंटरनेटसाठी जेफ्री मॅकी-मेसन आणि हॅल व्हेरियन यांनी १९९० च्या दशकात त्याची सर्वांत टोकाची आवृत्ती सुचवली: प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याची बोली लिहिलेली असावी, गर्दी झाली की जास्त बोलीची पॅकेट्स आधी जावीत, आणि जी पॅकेट्स गेली त्यांच्याकडून त्यांची स्वतःची बोली न घेता नाकारल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या बोलीइतकीच किंमत घ्यावी. कल्पना देखणी आहे, कारण गर्दी नसेल तेव्हा किंमत आपोआप शून्यावर येते. परंतु प्रत्येक पॅकेटचा हिशेब ठेवण्याचा खर्च, आणि महिनाअखेरीस बिल किती येईल हे आधी न कळणे, या दोन कारणांनी ती कागदावरच राहिली.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. टेलिफोनच्या दरयोजनांवर केनेथ ट्रेन, डॅनियल मॅकफॅडन आणि मोशे बेन-अकिव्हा यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की वापरानुसार बिल कमी आले असते तरीही अनेक कुटुंबे ठरावीक दराचीच योजना निवडतात. पुढे इंटरनेटच्या बाबतीत आन्या लाम्ब्रेख्ट आणि बेर्न्ड स्किएरा यांनी २००६ मध्ये याची कारणे तपासली. मोठ्या बिलाच्या भीतीपासून मिळणारे संरक्षण, मीटर पळत असताना वापराचा आनंद कमी होणे, आणि स्वतःच्या वापराचा अंदाज चुकून जास्त धरणे, अशी ती कारणे आहेत. ग्राहकाला निश्चिंतपणा हवा असतो आणि त्यासाठी तो थोडे जास्त मोजायला तयार असतो. दर ठरवणाऱ्याने याला अज्ञान म्हणून उडवून लावू नये; निश्चिंतपणा हाही सेवेच्या गुणवत्तेचाच भाग आहे.

मात्र ठरावीक दर जाहीर करताना क्षमतेचा विचार केला नाही तर काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये तासांच्या हिशेबाऐवजी अमर्याद वापराचा मासिक दर सुरू केला. लोक जोडणी लावून तासन्‌तास तशीच ठेवू लागले, कारण सोडली तर पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. त्यामुळे मोडेमच्या वाहिन्या सतत व्यग्र राहू लागल्या, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीवर ग्राहकांना पैसे परत देण्याची पाळी आली. येथे दर बदलल्याने मागणीचे प्रमाण तर बदललेच, पण मागणीचे वळणही बदलले. दर विभाग आणि नियोजन विभाग एका टेबलाशी बसले नाहीत, तर नेमकी हीच गोष्ट दोघांच्याही हातून निसटते.

आता प्राधान्याबद्दल. आंद्रे ओडलिज्को यांनी सुचवलेली ‘पॅरिस मेट्रो’ पद्धत आपण पाहावी. पॅरिसच्या भुयारी रेल्वेत १९९१ पर्यंत पहिला आणि दुसरा वर्ग होता. डबे सारखेच, फक्त पहिल्या वर्गाचे तिकीट महाग. म्हणून तिथे गर्दी कमी, आणि गर्दी कमी म्हणून लोक ते तिकीट घेत. नेटवर्कचेही असेच दोन तार्किक भाग करावेत, गुणवत्तेचे कोणतेही वचन देऊ नये, दरातील फरकामुळे गर्दी आपोआप विभागली जाईल, असा तो प्रस्ताव होता. त्याचा साधेपणा मला आवडतो. पण ‘रांगशास्त्र’ यांनी दाखवलेला राशीचा फायदा अशा विभागणीत गमवावा लागतो, शिवाय महाग भाग स्वस्त होताच तिकडे गर्दी वळते आणि ग्राहकाला आज मिळालेली सेवा उद्या मिळेलच असे राहत नाही.

आपल्या चिंतेचे मूळ तर याहून जुने आहे. फ्रेंच अभियंता झ्यूल द्यूपुई यांनी १८४९ मध्येच रेल्वेबद्दल लिहून ठेवले होते, की तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसते ते छपराच्या खर्चापायी नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणाऱ्यांनी तिसऱ्या वर्गातून जाऊ नये म्हणून. गरिबाला त्रास देणे हा हेतू नसतो, श्रीमंताला घाबरवणे हा असतो. भोगावे मात्र गरिबालाच लागते. प्राधान्य योजनेतून मिळणारे उत्पन्न साधारण सेवेच्या दुरवस्थेशी बांधले गेले, की संस्थेतील प्रत्येक अंदाजपत्रकात हे गणित शिरते. कुणी वाईट हेतूने ठरवत नाही, फक्त साधारण सेवेच्या विस्ताराची मागणी दरवर्षी यादीत एक पायरी खाली सरकते. आपली चिंता मला पूर्णपणे रास्त वाटते.

जालनियोजक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. बफरची तपासणी आम्ही लगेच हाती घेऊ. परंतु व्यवस्थापनासमोर केवळ धोके मांडून भागणार नाही. उत्पन्न वाढल्याशिवाय क्षमता वाढत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि काही ग्राहकांना खरोखरच अधिक भरवशाची सेवा हवी आहे व त्यासाठी ते पैसे द्यायला तयार आहेत. शस्त्रक्रियेचा सल्ला दुरून देणारा डॉक्टर आणि चित्रपट उतरवून ठेवणारा माणूस यांची पॅकेट्स एकाच रांगेत समान मानणे मलाही पटत नाही. तर मग प्राधान्य विकावे की नाही, आणि विकायचे झाल्यास कोणत्या अटींवर?

करारलेखन

मोठ्या ग्राहकांशी सेवा-स्तराचे करार करण्याचे काम मी करतो, म्हणून त्या बाजूने उत्तर देतो.

पहिली गोष्ट अशी, की ‘उच्च गुणवत्ता’ ही एकच चढती शिडी नसते. एलटीई, म्हणजे चौथ्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कमध्ये सेवांचे जे वर्ग प्रमाणित केलेले आहेत, त्यांत आवाजाच्या वर्गाला विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद आहे, पण शंभरात एक पॅकेट हरवले तरी चालते. साध्या इंटरनेटच्या मूलभूत वर्गात विलंबाची मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे, पण पॅकेट हरवण्याचे प्रमाण दहा लाखांत एक इतकेच अपेक्षित आहे. आवाजाला वेळ हवा, फाइलला अचूकपणा हवा. ‘सोनेरी’ आणि ‘रुपेरी’ अशी नावे देऊन सगळ्या गुणांचे एकच गाठोडे विकले, तर ग्राहक नको असलेल्या गुणाचे पैसे देतो आणि हवा तो गुण मिळाला की नाही हे त्याला कळतही नाही.

दुसरे म्हणजे, आवाजासाठी लागणारी क्षमता फारच थोडी असते. जी.७११ या आवाजाचे अंकीकरण करणाऱ्या पद्धतीचा एक कॉल दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. शीर्षभागासह (पॅकेटवरील पत्ता इत्यादी माहितीसह) तो एका दिशेला ८० किलोबिट प्रतिसेकंद होतो. एकाच वेळी चालणारे हजार कॉल म्हणजे ८० मेगाबिट, एक गिगाबिटच्या लिंकचा जेमतेम ८ टक्के भाग. एवढी वाहतूक पुढे घेतल्याने इतरांना फरक जाणवत नाही. म्हणून आवाज आणि तत्सम हलकी, विलंब न सोसणारी वाहतूक सर्वच ग्राहकांसाठी पुढे घ्यावी, त्याचा वेगळा दर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९८ पासून डिफसर्व्ह या नावाने जी वर्गीकरणाची पद्धत प्रचलित आहे, तिच्यात पॅकेटच्या शीर्षभागातील सहा बिटांवर हे काम होते; नव्या यंत्रणेची गरज नसते. अट एकच, की पुढच्या रांगेत किती वाहतूक शिरू शकते यावर प्रवेशद्वारीच कडक मर्यादा असावी. निम्मी वाहतूक ‘प्राधान्याची’ झाली, तर प्राधान्य कुणालाच मिळत नाही.

तिसरी बाब मोजमापाची. करारात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असे लिहिलेले असते, आणि तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहू शकते असा होतो. ती ४३ मिनिटे पहाटेची आहेत की गर्दीच्या तासातली, याबद्दल करार गप्प असतो. विलंबाच्या मासिक सरासरीचे तर विचारूच नये. समजा दिवसातील दोन तास विलंब २०० मिलिसेकंद आहे आणि उरलेले बावीस तास २० मिलिसेकंद; महिन्याची सरासरी ३५ मिलिसेकंद येते. करारातील मर्यादा ५० असेल, तर दररोज दोन तास कॉल नीट लागला नाही तरी सेवा कराराप्रमाणेच दिली, असे प्रतिवृत्त निघते. असे प्रतिवृत्त हातात घेऊन बसलेल्या ग्राहकाला आपली तक्रार सिद्धच करता येत नाही. म्हणून जे काही वचन द्यायचे ते गर्दीच्या तासाचे द्यावे, सरासरीऐवजी ‘शंभरातील ९५ मापे इतक्या विलंबाच्या आत’ अशा रूपात द्यावे, आणि ते मोडल्यास बिलात आपोआप वजावट व्हावी. ग्राहकाला अर्ज करायला लावू नये.

रांगशास्त्र

‘करारलेखन’ यांच्या मुद्द्यांना एक गणिती आधार जोडतो. लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी दाखवलेला रांगेचा एक अक्षय्यता-नियम आहे. लिंकची क्षमता तीच असेल आणि ती कधीही हातावर हात ठेवून बसत नसेल, तर रांगेचा क्रम कसाही बदला, सर्व वर्गांच्या प्रतीक्षेची भारानुसार काढलेली बेरीज बदलत नाही. एकाची प्रतीक्षा जितकी घटवाल, तितकी ती दुसऱ्याच्या वाट्याला जाते. प्राधान्याने क्षमता निर्माण होत नाही, असलेला विलंब फक्त वाटला जातो. व्यवस्थापनाच्या प्रस्तावात ‘आधी प्राधान्य, सवडीने क्षमता’ असा क्रम आहे, तो या नियमामुळे उलटा ठरतो.

मोठ्या जोडण्यांच्या बिलाबद्दलही सावध करतो. घाऊक बाजारात पाच मिनिटांची मापे घेऊन वरची ५ टक्के सोडून द्यायची आणि उरलेल्यांतील सर्वोच्च मापावर बिल करायचे, ही रूढ पद्धत आहे. तीस दिवसांत अशी ८,६४० मापे होतात, त्यांतील ४३२ सुटतात, म्हणजे ३६ तास. रोज तासभर प्रचंड वाहतूक पाठवणाऱ्या ग्राहकाचे महिन्याचे ३० तासच होतात, आणि ते सगळे बिलाबाहेर राहतात. तो तास सर्वांच्याच गर्दीचा असेल, तर ज्याच्यामुळे क्षमता वाढवावी लागते नेमका तोच पैसे न देता सुटतो. मोठ्या ग्राहकांचे मोजमाप तुमच्या नेटवर्कच्या गर्दीच्या वेळेनुसार वेगळे करावे.

दर_आणि_मागणी

आता माझी ठोस सूचना मांडतो. घाई विकण्यापेक्षा सबुरी विकत घ्यावी. ज्या वाहतुकीला वेळेची निकड नाही, म्हणजे सॉफ्टवेअरची अद्यतने, रात्रभर घेतल्या जाणाऱ्या माहितीच्या राखीव प्रती, उतरवून ठेवायचे चित्रपट, ती स्वेच्छेने मागच्या रांगेत टाकणाऱ्या ग्राहकाला दरात सवलत द्यावी. तंत्र उपलब्ध आहे: इतरांची चाहूल लागताच मागे सरणारी लेडबॅट ही पद्धत २०१२ पासून, आणि नेटवर्कमध्येच कमी प्राधान्याचा वर्ग ठेवण्याची सोय २०१९ पासून प्रमाणित आहे. गणित तेच, अक्षय्यता-नियमही तोच. पण येथे वाट पाहणारा स्वतः होऊन वाट पाहतो आणि त्याचा मोबदला घेतो. साधारण सेवा बिघडली तर या योजनेतून काहीच मिळत नाही, उलट गर्दी हटल्याने ती सुधारते. म्हणजे संस्थेचे हित आणि साधारण ग्राहकाचे हित एकाच दिशेला राहते.

सवलतीला घड्याळाची वेळ मात्र बांधू नये. ‘अकरानंतर स्वस्त’ असे जाहीर केले, की अकराच्या ठोक्याला सगळी यंत्रे एकदम सुरू होतात आणि गर्दी नाहीशी न होता तिची नुसती जागा बदलते. सवलत लिंकच्या प्रत्यक्ष स्थितीशी जोडलेली असावी आणि निर्णय माणसाने नव्हे, यंत्राने घ्यावा. फ्रँक केली यांनी १९९७-९८ च्या सुमारास जी मांडणी केली, तिचा व्यवहारातला उपयोग मी असाच समजतो. प्रत्येक लिंक स्वतःच्या गर्दीची एक छाया-किंमत, म्हणजे गर्दी किती आहे हे दाखवणारा आकडा, सांगते, प्रत्येक वापरकर्ता दर सेकंदाला किती मोल द्यायला तयार आहे हे ठरवतो, आणि त्याला मिळणारा वेग त्या मोलाच्या प्रमाणात ठरतो. ठरावीक मासिक दराच्या योजनेत हे मोल म्हणजे योजनेचा टप्पा. गर्दी नसताना सर्वांना पूर्ण वेग मिळतो. गर्दी झाली, तर दुप्पट टप्प्याच्या ग्राहकाला दुप्पट वाटा मिळतो, परंतु लहान टप्प्याचा वाटा कधीही शून्यावर जात नाही. ज्याला अधिक भरवसा हवा त्याने अधिक मोठा वाटा घ्यावा. रांगेत सर्रास पुढे घुसण्याचा हक्क मात्र कोणत्याही दराला देऊ नये.

जालनियोजक

आता मला व्यवस्थापनासमोर मांडण्याजोगा मसुदा दिसतो. प्राधान्य योजनेऐवजी टप्प्यानुसार वाटा. आवाज सर्वांसाठी पुढच्या रांगेत, प्रवेशावर मर्यादेसह. मागच्या रांगेसाठी सवलत. एक अट मी स्वतःची घालणार आहे. सर्वांत स्वस्त टप्प्याला गर्दीच्या तासात किमान किती वेग आणि कमाल किती विलंब मिळेल, हे दरपत्रकातच छापावे, आणि कोणत्याही लिंकवर ते आकडे सलग पाळले गेले नाहीत, तर तिथे वरच्या टप्प्यांची नवी विक्री क्षमता वाढेपर्यंत थांबवावी. विक्री विभाग याला विरोध करील, याची कल्पना आहे. ‘करारलेखन’ यांना एक विनंती: ‘सलग’ याची व्याख्या करारात कशी लिहावी, म्हणजे किती दिवस आणि कोणत्या तासांतील मापे धरावीत, याबद्दल आपला अनुभव सांगावा.

करारलेखन

गर्दीचा तास करारात घड्याळाच्या वेळेने लिहू नये. त्या लिंकवर मागील चार आठवड्यांत सर्वाधिक वाहतूक ज्या तासात झाली तो, अशी व्याख्या करावी, म्हणजे लोकांच्या सवयी बदलल्या तरी वचन शिळे होत नाही. त्या तासातील मापे पाच मिनिटांची नकोत, विलंब निदान दर काही सेकंदांनी तपासावा, अन्यथा आपल्या मूळ प्रश्नातला दोष पुन्हा इथे शिरेल. आणि आठवड्यातील तीन दिवस मर्यादा मोडली, असे सलग दोन आठवडे घडले, तर ‘सलग’ मानावे. एकाच दिवसाची अट ठेवली तर एखाद्या मोठ्या सामन्याच्या रात्रीही विक्री थांबेल, आणि महिन्याची ठेवली तर ग्राहक तोवर निघून गेलेला असेल. मोजणारी उपकरणे मात्र ग्राहकाच्या बाजूला असावीत, तुमच्या मुख्य केंद्रात नव्हे.